भैरोबाचा एक महिना

पैज लागली ती मिशीवर. हरेल त्याने अर्धी मिशी उतरवायची. अर्धीच. पूर्ण उतरवली तर लोकांना वाटतं बाप वारला असेल, नाहीतर डोकं ठिकाणावर आलं असेल. अर्धी उतरवली की लोकांना काही वाटायला जागाच राहत नाही, फक्त बघावं लागतं. हे कलम माझं. दुसरं कलम असं, की सेल्वम न्हाव्याच्या खुर्चीवर, रविवारी सकाळी नऊला, जेव्हा आमची गल्ली दूध, फुलं आणि इडलीचं पीठ आणायला झाडून बाहेर पडलेली असते.

समोरची पार्टी होती व्यंकोजीराव. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, सरकारी कचेरीतून रिटायर. तंजावरचे मराठे. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले, आणि व्यंकोजीरावांची मिशी बघितली की वाटतं घोडा अजून बाहेर बांधलेला असणार. बाहेर एक जुनी मोपेड असते. तिची हवा मी वर्षातून दोनदा काढतो, आणि ते दोन्ही वेळा वॉचमनला ओरडतात.

मार्च संपत आला होता. संध्याकाळी लाइट गेली म्हणून आम्ही दोघं दारातल्या ओट्यावर बसलो होतो. आमची गल्ली चेन्नईच्या सौकारपेठेत, सोन्याचांदीच्या बाजारामागे. मी विट्याकडचा गलाईवाला. म्हणजे जुनं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध लगड करून सराफाच्या हातात द्यायची. बावीस वर्षं हेच. माझ्या बोटांची टोकं तेजाबानं इतकी गुळगुळीत झालीत, की रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. मशीनवाली मुलगी म्हणते, अंकल, तुम्ही आहात का नाही तेच कळत नाही. मी म्हणतो, घरी पण हीच तक्रार आहे.

व्यंकोजीराव वारा घेत म्हणाले, "एक विचारतो, माधवराव. तुम्ही विट्याचे अस्के लोक एकामागून एक येतातच की. मुंग्यांसारखे. बोलावतं कोण वो तुम्हाला?" अस्के म्हणजे सगळे; ही त्यांची तंजावरी मराठी.

"कोणी बोलावत नाही."

"मग?"

"माइक बोलावतो."

त्यांना कळेना, म्हणून सांगितलं. विट्यापासून बारा किलोमीटरवर आमची वाडी. चैत्रात भैरोबाची यात्रा. बाहेरगावी गेलेल्या प्रत्येक गलाईवाल्याने यात्रेला आपली एका महिन्याची कमाई देवाला पाठवायची, अशी आमची रीत. कुठं लिहिलेलं नाही, पण चुकवत कोणी नाही. देवळापुढं अप्पाजी नावाचे म्हातारे माइक धरून बसतात आणि वाचत जातात. गाव, नाव, आकडा. कोईमतूर, अमुक, तीस हजार. कोची, तमुक, पंचेचाळीस हजार. खाली मंडपात सगळी वाडी बसलेली असते आणि प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात बाराने गुणते. आमच्याकडं शाळा बुडवलेला माणूसही बाराचा पाढा तेवढा चुकत नाही. यात्रा संपली की पंधरा दिवसांत दोन-चार घरांतून बॅगा निघतात.

"आकडा खोटा सांगितला तर?"

"देवाला खोटं कोण सांगेल."

व्यंकोजीराव हसले. "तुमचा आकडा किती ह्या वर्षी?"

माझा पगार अठरा हजार. पण तेव्हा मला गंमत सुचली. मला गंमत सुचली की तोंड आधी चालतं, बाकीचा मी मागून येतो. म्हटलं, "यंदा एक्कावन्न पाठवतो. कोणाला फोन करणार नाही, ये म्हणणार नाही. दोन महिन्यांत एक माणूस बॅग घेऊन ह्या ओट्यापुढं उभा राहील."

"उभा राहील. पण तुमचा तो तेजाबाचा वास घेऊन तीस दिवस राहणार नाही. पळून जातो तो."

"राहील."

"सरी, ठरलं. तीस दिवस राहिला तर माझी मिशी. आधी गेला तर तुमची."

आतून सकवारबाई, म्हणजे व्यंकोजीरावांच्या पत्नी, म्हणाल्या, "दोघांचीही उतरवून टाका आत्ताच. कॉफी पिताना गाळावी लागते."

एक्कावन्न हजार आले कुठून, तर कमलच्या चिटमधून. कमल माझी बायको. इमारतीतल्या बारा बायकांनी चिट लावली होती, दर महिन्याला पैसे भरायचे आणि पाळीपाळीनं एकीनं पूर्ण रक्कम उचलायची. कमलची पाळी आली होती, पन्नास हजार. वरचे एक हजार मी घातले. आमची खोली दुकानाच्या वर, भट्टीच्या बरोबर डोक्यावर, खिडकी नाही. ते पैसे तिनं पेरंबूरला एक खिडकीवाली खोली बघितली होती तिच्या डिपॉझिटसाठी धरले होते. मी म्हटलं, "दोन महिन्यांसाठी दे. शेठकडं माझ्या पगाराची बाकी आहे ती आली की परत."

ती म्हणाली, "बरं."

तिच्या 'बरं'चे पूर्वी मला चार-पाच प्रकार ओळखता यायचे. आता एकच ऐकू येतो. बावन्न भांडणांपेक्षा हे बरं, असं धरून मी पैसे पाठवले.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी वाडीतल्या कोणीतरी रेकॉर्डिंग पाठवलं. अप्पाजींचा आवाज, मागं हलगी. "चेन्नईवाले माधवराव… एक्कावन्न हजार… भैरोबाच्या नावानं चांगभलं." मग मंडपातून एक असा आवाज आला, जसा कढईत पाणी पडल्यावर येतो. मी ते भट्टीशेजारी उभं राहून सात वेळा ऐकलं. आनंद व्हायला पाहिजे होता, म्हणून सात वेळा. मग मूस तापली आणि कामाला लागलो.

मे महिन्यात, एका मंगळवारी, दुपारी तीनच्या उन्हात जनकोजी, आमच्या वाडीचा जन्या, ओट्यापुढं उभा राहिला. एका खांद्याला बॅग, दुसऱ्या हातात दुधाची किटली. किटलीत खवा होता.

माझा हिशेब असा होता की एखादं विशीतलं पोरगं येईल. कानात वायर, डोक्यात कोंबड्याचा तुरा. असली पोरं मी दोन दिवस खोटे पत्ते देऊन शहरभर फिरवतो आणि मग कुठल्यातरी दुकानात चिकटवून देतो. जन्या येईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. जन्या माझ्याच वयाचा, पंचेचाळीसचा. आमच्या वर्गातली एकवीस पोरं देशभर गलाईला गेली, हा एकटा गेला नाही. सात म्हशी, दूध डेअरीला, संध्याकाळी पारावर. यात्रेला गेलो की मी त्याच्या गोठ्यात जाऊन पडायचो. वाडीत तेवढ्या एका जागी मला कोणी काही विचारायचं नाही.

"माध्या," तो म्हणाला, "आलो बघ."

"फिरायला?"

"फिरायला कशाला. म्हशी इकल्या."

ओट्यावर व्यंकोजीराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "दिवस पहिला."

वर खोलीत पाणी पिऊन त्यानं सगळं सांगितलं. सहा म्हशी मेव्हण्याला दिल्या, एक घरच्या दुधाला ठेवली. मेव्हणा म्हणाला, महिनाभर मी बांधून ठेवतो, मग बाजारला काढतो. तीन लाख चाळीस हजार बँकेत आहेत. ते त्याला माझ्या दुकानात घालायचे होते, भागीत.

"सुनीती तयार झाली?" सुनीती त्याची बायको.

"तिनंच काढला विषय. मंडपात बसलो हुतो. तुझं नाव आलं, तशी तिनं माझ्याकडं बघितलं. सकाळी धार काढताना म्हणाली, माधवभावजींचा एक महिना एक्कावन्न हजाराचा, आन आपलं सात म्हशींचं आख्खं वरीस चाऱ्याला पुरत न्हाई. मी म्हणलं, आगं लोकं वाढवून सांगत्यात. ती म्हणाली, लोकांना सांगतील. देवाला कोण सांगंल?"

मी हसलो. माझं तोंड सवयीनं हसतं. कमल ताट वाढत होती, तिच्या हातातला डाव एक क्षण थांबला आणि परत चालू झाला.

खरं तेव्हाच कळायला हवं होतं त्याला. दहा बाय बाराची खोली, त्यात मी, कमल, आमची रेवा आणि रेवाची अकरावीची पुस्तकं. जन्यानं सगळीकडं बघितलं. "दुसरी खोली कुठंय?" मी म्हटलं, "हीच." तो मान हलवत राहिला आणि मग त्याचा चेहरा उजळला. "आसं हाय व्हय. म्हणून तर साठत्यात पैसं. वाडीतली पोरं चार रुपयं आलं की मोटारसायकल घेत्यात. वहिनी, तुमच्याकडनं शिकावं."

कमल म्हणाली, "भात घ्या."

तो दुकानाच्या माळ्यावर झोपायचा. दिवसा माझ्या हाताखाली. तेजाबाचा पिवळा धूर उठला की डोळे पुसायचा आणि म्हणायचा, सवय व्हईल. पाचव्या दिवशी त्याचा खोकला सुरू झाला. रोज सकाळी व्यंकोजीराव ओट्यावरून विचारायचे, "काय वो जनकोजीराव, बरं वाटतं ना इथे?" आणि तो बिचारा म्हणायचा, "लई चांगली माणसं हायती इथली."

मी माझं काम चालू ठेवलं होतं. एकदा त्याला तमिळ शिकवलं. म्हटलं, टपरीवर जायचं आणि म्हणायचं, अण्णा, ओरु एरुमै. झाला चहा. तो गेला आणि मोठ्यानं म्हणाला. टपरीवाला हसला, टपरीवरची माणसं हसली, जन्यापण हसला. मग चहा घेऊन माझ्याकडं आला.

"काय म्हणायला लावलंस रं?"

"अण्णा, एक म्हैस द्या."

तो हसला. बराच वेळ हसला. मग भट्टीपुढं पाटावर बसला आणि ग्लास हातात तसाच धरून राहिला. चहावर साय आली. ही माझी गंमत पूर्वी हमखास चालायची.

आता शेठचं सांगतो. वाडीला वाटतं दुकान माझं. फोटोत मी पाटीखाली उभा असतो आणि पाटीवर नाव देवाचं. दुकान शेठचं, शेठ राहतो बंगळूरला. मोठ्या सराफांनी आपापल्या मशीन बसवल्या तेव्हापासून टी. नगरचं एकही दुकान आमच्याकडं सोनं पाठवत नाही. आमच्याकडं येतात ते गल्लीतल्या कारागिरांचे झाडून काढलेले कण. आठ महिने शेठ मला अर्धाच पगार देत होता. त्यात जागेच्या मालकानं नोटीस दिली होती, दिवाळीला गाळा रिकामा करा. नोटिशीचं हे मला ठाऊक होतं, शेठला ठाऊक होतं, आणखी कोणाला नाही.

दहाव्या दिवशी शेठचा फोन आला. "तुझा कोण माणूस आलाय म्हणे पैसेवाला."

"माणूस आलाय."

"त्याला देऊन टाक दुकान. भट्टी, सामान, नाव, सगळं मिळून तीन लाख. त्यातून तुझी बाकी मी त्याच दिवशी देतो. आणि तुला तो काढणार थोडाच आहे?"

"नोटिशीचं?"

"नोटीस दिवाळीला आहे. आत्ता मे चाललाय."

मी 'बघतो' म्हटलं. बघायला फार काही नव्हतं. माझी बाकी बहात्तर हजार. म्हणजे कमलचे पैसे परत, दिवाळीपर्यंत पगार चालू, तीस दिवस पूर्ण, आणि वर व्यंकोजीरावांची अर्धी मिशी. दुसऱ्या बाजूला जन्याच्या सहा म्हशी. मी दोन्ही बाजू मनात धरून बघितल्या. दोन्हींचं वजन लागेना. मी जन्याला म्हटलं, शेठ म्हणजे माझा भागीदार, तो बाहेर पडतोय, त्याची जागा तू घे. तो म्हणाला, तुझा शब्द. कागदावर सही ठरली सोमवारी, शेठ स्वतः येणार होता.

त्याच्या आदल्या दिवशी, विसाव्या दिवशी, मी जन्याला समुद्र दाखवायला बसनं शहराबाहेरच्या कोवलमला नेलं, केरळातल्या नव्हे. होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या, बायका मासे विकत होत्या. तो चपला हातात घेऊन पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला आणि सुनीतीला व्हिडिओ लावला.

"दिसतोय का? ह्यो समुद्र. आगं, हिकडं बघ, माझ्याकडं न्हवं."

सुनीती म्हणाली, "सही उद्याच ना? वरच्या आळीचं दोघं विचारून गेलं. म्हणत्यात, जनकोजीसारखा माणूस दावण मोडून गेला म्हंजे तिथं काहीतरी आसणारच."

फोन ठेवून तो माझ्याशेजारी वाळूत बसला. खोकून घेतलं. मग म्हणाला, "माध्या, पुढच्या यात्रेला आपूनबी एक्कावन्न पाठवायचं बघ."

"पहिल्या वर्षी तेवढं नाही सुटत."

"न सुटू दे. म्हशीच्या पैशातनं उरतंय चाळीस, त्यात घालीन थोडं. वाडीत ऐकू तर जाऊ दे. सुनीती मंडपात बसलेली आसंल."

तो हे अगदी साधं बोलला. पाणी किती गार आहे म्हणावं तसं. मला काही झालं नाही. छातीत कळ नाही, डोळ्यात पाणी नाही, तसलं काही नाही. फक्त मला दिसलं की तो पैसे पाठवणार, अप्पाजी वाचणार, आणि वरच्या आळीचे दोघं बॅग भरणार. मी तोंड उघडलं.

"जन्या, माझी कमाई अठरा हजार हाय."

त्याला वाटलं, नेहमीचं. "दिवसाची?"

"महिन्याची. त्यातबी आठ महिनं निम्मीच मिळतीया. दुकान माझं न्हाई. दिवाळीला जागा सोडायची नोटीस हाय. सही करशील तर सहा महिन्यांनी तुझ्याकडं एक भट्टी आसंल आन ती ठिवायला जागा नसंल."

तो होड्यांकडं बघत राहिला.

"आन भैरोबा?"

"भैरोबालाबी खोटंच."

"बाकीच्यांचं? कोईमतूर, कोची?"

"कोणी दुप्पट सांगतं, कोणी तिप्पट."

"तुला कवा कळलं?"

"बावीस वर्सांपूर्वी. हितं आलो त्याच दिवशी." मग तेही सांगितलं. त्या वर्षी माइकवर मद्रासच्या एका माणसाचे पाच हजार एक आले होते. माझ्या बापाचा साखर कारखान्यातला पगार होता बाराशे. मी शाळेतली शिपायाची लागलेली नोकरी सोडून इकडं आलो. सेंट्रल स्टेशनवरून पत्ता विचारत दुकानात पोचलो, तर तो पाच हजार एकवाला कोळशाच्या पोत्यांवर झोपला होता. त्यानं डोळे उघडले, मला बघितलं आणि हसला. काही बोलला नाही. मी पण विचारलं नाही.

"मग वाडीत येऊन सांगितलं का न्हाईस?"

"पुढच्या यात्रेला माझंबी नाव आलं की माइकवर."

जन्यानं वाळूत बोट घातलं आणि काढलं. मी म्हटलं, "आन एक हाय. एक्कावन्न हजार मी पैजेत पाठवलं. कोणतरी येतंय का बघायला. व्यंकोजीरावांशी लागली हुती. तू तीस दिवस राहिलास तर मी जिंकतो."

"किती लावलंयस?"

"पैसं न्हाई. अर्धी मिशी."

आता मारेल, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी लागलं असतं. तो उठला, चपला घातल्या आणि बसच्या दिशेनं चालायला लागला. बसमध्ये खिडकीशी बसला. अडयारच्या पुलावर म्हणाला, "मेव्हण्यानं महिनाभर धरल्यात म्हशी. दहा दिस हायेत."

"फोन कर त्याला."

"करतो." आणि मग माझ्याकडं न बघता, "माध्या, मी जायच्या आधी उतरव मिशी. मला बघू दे."

गाडीचं तिकीट मिळालं पुढच्या रविवारचं, दुपारचं. सोमवारी शेठ कागद घेऊन आला आणि कागद घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मग दिवाळीपर्यंत तरी कशाला? ह्याच महिन्याला बंद करू." माझ्या बाकीचं विचारलं तर म्हणाला, भट्टी विकली गेली की बघू. मी कमलला येऊन सांगितलं, दुकान बंद, पैसे नाहीत, आणि जन्याला खरं काय ते सांगितलंय. ती रेवाचे कपडे वाळत घालत होती. यावेळी 'बरं' सुद्धा म्हणाली नाही. हातातला चिमटा लावला आणि मला विचारलं, "सगळं सांगितलंत?"

"सगळं."

"पैजेचं?"

"ते पण."

तिला पैजेचं कोणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही. ओट्यावर बोललेलं जिन्यातून वर जातं.

शनिवारी व्यंकोजीराव स्वतः वर आले. त्यांना सगळं कळलं होतं. दारातच उभे राहून म्हणाले, "राहू द्या वो माधवराव. थट्टेतली पैज. मी सोडलों म्हणा. त्या माणसाला अस्कं घर मोडून यावं लागलं, आणि आपण मिशी… पोदुम, पुरे."

"तुम्ही सोडली तरी तो सोडणार नाही," मी म्हटलं. कोपऱ्यात जन्या बॅग भरत होता. त्यानं मान वर केली नाही.

रविवारी नऊला मी सेल्वमच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची उघड्यावरच असते, कडुलिंबाखाली, भिंतीला आरसा. सेल्वमला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, तरी त्यानं दोनदा विचारलं, अर्धी म्हणजे अर्धीच ना. कुठली अर्धी? म्हटलं, तुझ्या हाताला येईल ती. गल्लीत बातमी आधीच गेली होती. चिटमधल्या बायका दुधाच्या पिशव्या घेऊन उभ्या, सराफ कट्ट्यावरचे चार कारागीर, टपरीवाला ग्लास पुसत. रेवा जिन्यात अर्ध्यावर. व्यंकोजीराव ओट्यावर, मोपेडला टेकून, खाली बघत.

जन्या माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं फोन काढला. अप्पाजींना व्हिडिओ लावला. रविवारी नऊला भैरोबाच्या पारावर दहा-बारा माणसं असतातच. त्यानं फोन माझ्या तोंडापुढं धरला. माझ्या ओठावर साबण. पलीकडं पाराचा कठडा, टोप्या आणि अप्पाजींचं नाक.

"बोल," जन्या म्हणाला.

मी बोललो. मी पैज हरलो म्हणून अर्धी मिशी उतरवतोय. पैज अशी होती, की माझा आकडा ऐकून तुमच्यातला एक जण येईल आणि इथंच राहील. आकडा खोटा होता. माझा महिना अठरा हजाराचा आहे, तो पण निम्माच मिळतो, आणि आता तोही बंद झाला. बाकीच्यांचे आकडे पण असलेच असतात. कोणी येऊ नका.

तिकडं सगळा पार हसला. "माध्या, लेका, यंदा हे सोंग व्हय." कोणीतरी म्हणालं, "आगोदर साबण पूस." अप्पाजींनी फोन जवळ घेतला. "आरं, कमी सांगतोय त्यो. दिष्ट लागती माणसाला. एक्कावन्नचं नाव झालं न्हवं का. पुढच्या साली लाख बोल रं माधवा."

सेल्वमनं वस्तरा लावला. आता मला बोलता येईना. वस्तरा ओठावर असला की माणूस हसत पण नाही. डाव्या बाजूचे केस फडक्यावर पडले. गल्लीत कोणी तरी शिट्टी मारली आणि थांबलं. फोनमधून हसणं येतच होतं. जन्यानं दोनदा म्हटलं, "आवो खरं हाय, मी बघितलंय," तर तिकडून आवाज आला, "तू बी त्याच्यात सामील व्हय जन्या."

तेव्हा कमल खाली आली. गर्दीतून वाट काढत आली, जन्याच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःपुढं धरला. वाडीच्या पारावरच्या माणसांशी ती अशी तोंडासमोर कधी बोललेली नव्हती. पदर सारखा केला.

"अप्पाजी, मी कमल. चला, घर दाखवते."

ती जिना चढली. रेवा बाजूला सरकली आणि तिच्या मागं गेली. मी खुर्चीत, मानेला फडकं बांधलेला. सेल्वमचा हात हवेत. वरून जिन्यातनं तिचा आवाज येत होता, एका सुरात, बाजाराची यादी वाचावी तसा. "ही खोली. एवढीच. ही मोरी. हा गॅस. इथं आम्ही तिघं झोपतो, हिचं कपाट उघडलं की मला उठून बसावं लागतं. ही भिंत काळी आहे ती खालच्या भट्टीनं. खिडकी नाही. खिडकीच्या खोलीचे पैसे तुमच्या माइकवर गेले."

फोनमधलं हसणं कमी होत गेलं आणि मग ऐकू येईना. कोणाचं तरी खाकरणं आलं. अप्पाजी काहीतरी म्हणाले ते खाली कळलं नाही. कमल म्हणाली, "नाही, हे पण दाखवते. हा ह्यांचा अंगठा, असा आहे," आणि मग आठवलं असेल की अंगठा खाली आहे, म्हणून थांबली. "असू दे. रेवाच्या फीची पावती बघा. ही अजून भरलेली नाही."

खाली गल्ली उभी होती. मराठी निम्म्यांना कळत नव्हतं, पण कोणी हललं नाही. चिटमधली एक बाई दुधाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत होती. व्यंकोजीराव आत निघून गेले. जन्या बॅगेशेजारी उभा होता, फोन परत मिळायची वाट बघत.

सेल्वमनं राहिलेला साबण पुसला, तुरटी फिरवली आणि आरसा भिंतीवरून काढून माझ्यापुढं धरला. मी बघितलं. एका बाजूला मी होतो.

"पोदुमा, अण्णा?" त्यानं विचारलं. पुरे का?

वर कमल अजून बोलत होती. मी मान डोलावली. त्यानं फडकं सोडून झटकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.